धरणामागचं पाणी

दूर उत्तरेतल्या पिंटेल फॉल्सला दफनभूमी नव्हती. वीजघराभोवती कंपनीने गाव वसवलं तेव्हा शाळा बांधली, छोटा दवाखाना बांधला, बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ खेळायला लांबलचक शेड बांधली, एकाच रंगाची घरं ओळीने उभी केली. पण इथे कुणी मरेल आणि इथेच राहील, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. जो तो खालून, दक्षिणेतून आलेला. निवृत्त झाला की माणूस आगगाडीने परत जायचा, मेला तर त्याची शवपेटी जायची. उरहो राउटिओ तेवढा गेला नाही.

हेल्वी ही त्याची बायको. माझा नवरा वीजघरात ऑपरेटर म्हणून लागला आणि मी त्या गावात आले, तेव्हा उरहोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी हेल्वीच्या हाताखाली मेसमध्ये काम करायचे. बटाटे सोलता सोलता तिने मला ते सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

फेब्रुवारीत वीजघराच्या तोंडाशी, पाणी आत शिरतं तिथल्या जाळ्यांवर बर्फ धरतो. तो फोडावा लागतो. उरहो त्या कामाला गेला आणि पायाखालचा बर्फ खचला. यंत्रं थांबवली, पाण्याचे दरवाजे बंद केले, गाडीने पाणबुडे आणले. सापडला नाही. तेवढे दिवस गावात अशी शांतता होती की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. मग एका सकाळी हेल्वी पीठ मळत असताना जमीन पुन्हा गुणगुणायला लागली. यंत्रं चालू झाली होती. शोध संपला हे तिला कुणी येऊन सांगितलं नाही, तिला ते असं कळलं.

महिन्याभराने सुपरिंटेंडेंट आईन्स्ली दारात उभा राहिला.

"मिसेस राउटिओ, मला फार वाईट वाटतंय. पण घर कामगारालाच देता येतं. कंपनीचा नियम आहे."

"कामगार तुमच्याच पाण्यात आहे," हेल्वी म्हणाली. "त्याला बाहेर काढा. मी त्याच दिवशी घर सोडते."

आईन्स्ली बिचारा टोपी हातात फिरवत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाला, "तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"चाखून बघा, मग विचारा."

अशी ती मेसमध्ये लागली. स्वयंपाकघरामागची खोली तिला मिळाली, आणि कंपनीच्या लेखी ती कामगार झाली.

मी पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "किती वर्षांसाठी आलात?"

"तीन," मी म्हटलं.

"मग बसा. नावं लक्षात ठेवायला तीन वर्षं पुरतात. विसरायला जरा जास्त लागतात."

मला तेव्हा ते कुजकं वाटलं होतं. पुढे उमगलं. त्या गावात मैत्री व्हायची ती घाईत व्हायची आणि स्टेशनावर संपायची. कुणी निघालं की हेल्वी आदल्या दिवशी वेलदोड्याचा वेणी घातलेला पाव भाजायची, कागदात गुंडाळून स्टेशनावर न्यायची, खिडकीतून हातात द्यायची आणि लगेच वळायची. गाडी हलेपर्यंत ती थांबलेली मी कधी पाहिली नाही. आमची तीन वर्षं वाढत वाढत अकरा झाली, तरी दर वसंतात ती मला विचारायची, "यंदा नक्की जाताय ना?" आणि मी नाही म्हटलं की भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा करायची. तिला बरं वाटलंय हे लपवायची तिची ती रीत होती.

तलावातला पाईक मासा ती इतका सुरेख करायची की पोरं बोटं चाटायची. स्वतः मात्र त्या पाण्यातलं काही तोंडात घालत नसे. नवीन माणसाने आग्रह केला तर आम्ही त्याला टेबलाखालून पाय मारायचो. दुपारची आवराआवर झाली की अंगात जाड कोट चढवून ती धरणाच्या भिंतीवर जायची आणि कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहायची. थंडीने पापण्या पांढऱ्या व्हायच्या तरी हलायची नाही.

विल्फ्रिड त्रोतिये बर्फ सारायचं यंत्र चालवायचा. बायको वारलेली, मुलगी दूर दक्षिणेत सडबरीला. दर रविवारी तो मेसच्या मागच्या दाराने कॉफीला यायचा आणि मागणी घालायचा.

"हेल्वी, माझं घर मोठं आहे, उबदार आहे, आणि मी घोरत नाही."

"हे तुला सांगितलं कुणी? एकटा तर झोपतोस."

"म्हणूनच म्हणतो, एकदा येऊन खात्री करून घे."

"कॉफी पी आणि नीघ. फरशी आत्ताच पुसली आहे."

तो खो-खो हसायचा. ती हसायची नाही, पण त्याच्या कपात साय जास्त पडायची.

मग कंपनीने जाहीर केलं की आता यंत्रं दक्षिणेतल्या एका खोलीतून चालवली जातील. गावाची गरज उरली नव्हती. त्या उन्हाळ्यात घरं एकेक करून रिकामी झाली. सामान गेलं की मागून बुलडोझर यायचा. हेल्वीची भट्टी रोज पेटत होती. विल्फ्रिडही गेला. सारायला रस्तेच उरले नव्हते. जाताना म्हणाला, "मी खाली कॉक्रेन गावात आहे. खोली बघून ठेवतो तुझ्यासाठी. माझ्या घरात नको तर नको."

आम्ही शेवटच्या काही कुटुंबांपैकी होतो. त्याच सुमारास धरणाच्या दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी कंपनीने तलावाचं पाणी उतरवलं. धरण झाल्यापासून पहिल्यांदाच.

पाणी ओसरल्याचं कळलं त्या सकाळी हेल्वी रबरी बूट घालून माझ्या दारात आली. "चलताय?" एवढंच म्हणाली. मी गेले. तिला एकटीला कसं पाठवणार?

खाली राखाडी चिखल होता आणि त्यातून वर आलेले कापलेल्या झाडांचे बुंधे. नजर पोचेल तिथवर बुंधेच. ती काठी टोचत जाळ्यांपासून वर वर चालली होती. मला रडू येत होतं आणि ती मात्र जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तशी भराभर इकडेतिकडे बघत होती. काही सापडलं नाही. इतक्या वर्षांनी काय सापडणार होतं?

एका खडकापाशी मालाकाय लिंकलेटर दिसला. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा, त्या मुलखातल्या मूळच्या क्री जमातीचा माणूस. दर शरद ऋतूत मेसच्या दारात रानहंस आणून द्यायचा, पैसे घ्यायचा, जायचा. तोही चिखलात काही शोधत होता.

"तू काय शोधतोस?" हेल्वीने विचारलं.

"घर."

"इथे?"

"मग? पाण्याआधी इथे काही नव्हतं असं वाटलं तुला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "या खडकाच्या पलीकडे आईची चूल होती. माझी धाकटी बहीणही इथेच पुरलेली आहे. गोवराने गेली."

"कंपनीला सांगितलं नाहीत?"

"वडिलांनी सांगितलं होतं. ऐकायला आलेला माणूस मान डोलवत होता. त्याला आमची भाषा येत नव्हती."

हेल्वी काठीवर भार देऊन उभी राहिली. "इतकी वर्षं माझ्या दारात येतोस. कधी बोलला नाहीस."

"तू रोज भिंतीवर उभी राहून इकडे बघायचीस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

ती खाली वाकली आणि त्याच्याबरोबर शोधायला लागली. मीही लागले. दुपारपर्यंत चुलीचे दगड हाताला लागले; काळे, अर्धवर्तुळात, जागचे न हललेले. मालाकायने पिशवीतून भूर्जाची साल, सुकी लाकडं आणि किटली काढली, आणि त्याच दगडांत विस्तव पेटवला. चहाचा पहिला कप त्याने जमिनीवर ओतला आणि आपल्या भाषेत काही म्हणाला. त्यात एक छोटं नाव होतं.

मग हेल्वीकडे वळून म्हणाला, "तुझ्या माणसाचं नाव काय?"

गावात सगळे "हेल्वीचा नवरा" म्हणायचे. नाव ठाऊक असलेली माणसं केव्हाच गाडीने गेली होती.

"उरहो," ती म्हणाली.

"उरो."

"उरो नाही रे. उर-हो. मधला ह नीट म्हण."

"उर-ह-हो," मालाकाय म्हणाला, आणि हेल्वीला हसू फुटलं. हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला आणि ती चिखलातच खाली बसली. मालाकायने दुसरा कप ओतला. आम्ही चहा पिऊन, विस्तव विझेपर्यंत बसलो.

पुढच्या आठवड्यात पाणी परत चढवलं. ते बघायला ती गेली नाही.

शरदात तीही कॉक्रेनला गेली. विल्फ्रिडने बघितलेली खोली बेकरीच्या वर होती, ती तिने घेतली. लग्नाला नाहीच म्हणाली. दोन हिवाळे रविवारची कॉफी चालली. मग विल्फ्रिडचे गुडघे गेले आणि मुलगी त्याला सडबरीला घेऊन गेली.

आम्ही दक्षिणेला परतलो होतो. मी वर्षातून एकदा तिला भेटायला जायचे. खोली उबदार होती, घरमालकीण भली होती, शेजारी पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. मी म्हटलं, "आता तरी ओळखी करा. ही माणसं कुठे जाणार नाहीत."

"तीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली. "जाणाऱ्या माणसांशी काय बोलायचं ते मला येतं. तीन वर्षांत सगळं उरकावं लागायचं. ही रोज भेटतात आणि हवेबद्दल बोलतात. मी काय बोलू त्यांच्याशी?"

हंसांच्या दिवसांत मालाकाय गाडीने यायचा आणि तासभर तिच्या खिडकीशी बसायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत, असं घरमालकीण मला सांगायची.

हेल्वी मार्चमध्ये गेली. जमीन गोठलेली असल्यामुळे शवपेटी मे महिन्यापर्यंत चर्चच्या तळघरात ठेवावी लागली. दफनाला आम्ही चारच जण होतो. पाद्री, घरमालकीण, मालाकाय आणि मी. पाऊस भुरभुरत होता. सगळं पटकन आटोपलं. मग मालाकाय आणि मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात सूप घेतलं. त्याने माझ्या नवऱ्याची चौकशी केली, मी त्याच्या नातवंडांची. त्याची गाडी आधी होती, उत्तरेची. माझी दुपारी, खाली जाणारी. तो गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर एकटी बसून राहिले.