बाई भेटली

चंद्रपूर स्टेशनाबाहेर प्रकाशभाऊंची जीप उभी होती. मी नागपुरात फ्रेंच शिकवते; दुभाषी म्हणून असा प्रवास मात्र पहिलाच. सोबत होती एलेन, फ्रान्समधल्या एका लहान गावातली शिक्षिका. तिचे वडील तरुणपणी सायकलवर भारत हिंडले होते. धानोऱ्याकडच्या जंगलात त्यांना मलेरिया झाला आणि एका बाईने त्यांना वाचवलं, असं ते जन्मभर सांगत राहिले. नाव ठाऊक नाही. हातावर हिरवं गोंदण होतं, एवढीच खूण. मागच्या वर्षी वडील गेले आणि त्या बाईचे आभार मानायला लेक निघाली.

त्यांच्या जुन्या फोटोत सायकलीमागे एक टेकडी दिसत होती. प्रकाशभाऊंची बहीण सुनीता त्याच भागात अंगणवाडी सेविका आहे. तिने टेकडी ओळखली आणि गावात विचारपूस सुरू केली.

मूल गावात चहासाठी थांबलो. राइस मिलमधून उडालेला कोंडा टपरीच्या बाकावरही बसला होता. तेवढ्यात प्रकाशभाऊंना सुनीताचा फोन आला.

“बाई भेटली म्हणते,” ते खुशीत म्हणाले.

मी एलेनकडे वळले आणि अडले. फ्रेंचमध्ये नामाआधी एक छोटा शब्द लावावाच लागतो. कुठलीतरी, अजून अनोळखी बाई असली तर ‘यून’. आपल्याला माहीत असलेली, तीच बाई असली तर ‘ला’. मराठीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की भागतं.

“भाऊ, तीच बाई, का एखादी बाई?”

“बाई म्हणजे बाईच न, मॅडम! आता ते तिथी गेल्यावरच समजन.”

मी ‘यून फाम’ म्हणाले, कुणी एक बाई. एलेनने कप खाली ठेवला.

“यून?”

“सध्या तरी यून.”

वैनगंगेच्या पुलावरून खाली रुंद वाळू आणि मधून चालणारं बारीक पाणी दिसलं. गडचिरोली मागे पडलं तसं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. मोहाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. काचा उघड्या होत्या. तो गोड, जड वास जीपमध्ये भरून राहिला.

धानोऱ्याच्या पुढे टायर पंक्चर झालं. प्रकाशभाऊ जॅक लावत असताना एलेन रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

“काय म्हणायचं ते मी विमानात मराठीत पाठ केलंय,” ती म्हणाली. “पण ही ती बाई नसली तर? गेलेली असली तर मी ते कोणाला म्हणू?”

मी तिला पाण्याची बाटली दिली.

गावात सुनीता वाटेवरच उभी होती. तिने आम्हाला एका अंगणात नेलं. वाळत घातलेल्या मोहफुलांशेजारी रैनूबाई बसल्या होत्या, पांढरे केस, मांडीवर सूप. एलेनने फोटो पुढे केला. म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला आणि एकदम हसली.

“सायकलवाला! लई तापला होता वो हा.”

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. एलेन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तो हात तिने दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. “विचार. ती तूच का?”

मी विचारलं. रैनूबाईंनी मान हलवली.

“मी एकटी नाई वो. मी पाणी आनत होती. तांदळाची पेज, जावा, बुधा भरवे. फुला तं त्याच्याजवळून उठेच ना. ताप चढला का तो हात धरून ठेवे, ज्या बाईचा सापडला तिचा.” तोवर शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या होत्या. साऱ्या म्हाताऱ्यांच्या हातांवर तसंच गोंदण. “त्याले आमी सगळ्या एकच बाई वाटत होतो!”

बाया खळखळून हसल्या. मी भाषांतर केलं, पण एलेनच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होईना. इतक्या दुरून ती एका बाईसाठी आली होती.

ती उठली. रैनूबाईंनी बोटाने दाखवलेल्या बुधाबाईंपाशी गेली, त्यांचा हात धरून तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं: “तुमच्यामुळे बाबा घरी आले, म्हणून मी आहे.” मग पुढच्या बाईपाशी. तेच वाक्य, तोच आवाज, दरवेळी थोडा अधिक फुटलेला. फुलाबाई वारल्या होत्या. तेव्हा एलेनने त्यांच्या सुनेचा हात धरला. अखेर रैनूबाईच म्हणाल्या, “समजलं, माय, समजलं. आता पोरीले जेवू घाला.” पानांच्या पत्रावळीवर भात, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी वाढली. त्या चटणीने एलेनच्या रडण्याला छान आडोसा मिळाला.

परतताना गडचिरोलीला नेटवर्क आलं आणि तिने आईला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते. अनेक अनोळखी बायांना फ्रेंचमध्ये ‘दे फाम’ म्हणतात. ओळखीच्या, त्याच बायांना ‘ले फाम’.

“ला नाही, आई,” एलेन म्हणाली. “ले फाम.”

पलीकडून बहुधा ‘कोण त्या?’ असा प्रश्न आला असावा, कारण एलेन एकेक नाव सांगू लागली, सावकाश, उच्चार सांभाळत. रैनू. बुधा. फुला. वर्गात मी हा नियम घाईघाईत, शेवटी सांगते: माणसाच्या नावाआधी यातला कुठलाच शब्द लागत नाही.