नऊ ठिपके आणि शेवग्याचा पाला

आई गेली त्याला चार महिने झाले होते, आणि तमिळ पंचांगातल्या आडी महिन्यातला तिसरा शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. त्या शुक्रवारी आई स्वयंपाकघराच्या भिंतीवर हळदीने देवी काढायची. मूर्ती नाही, फोटो नाही, भटजीही नाही. बोटाने ठिपके, त्यांवर डोळे, समोर नाचणीची आंबील, आणि आमच्या जुन्या तंजावरी मराठीतल्या चार ओळी, त्याही तोंडातल्या तोंडात. मी पन्नाशीची बाई, सगळा जन्म वेस्ट मांबलमच्या याच घरात गेला, पण ठिपके किती ते मला सांगता येईना. ओळींचं तर नावच नको.

त्या महिन्यांत मला कशाचं काही वाटत नव्हतं. ऑफिसात जायचं, यायचं, भात लावायचा, झोपायचं. ही एवढी एक गोष्ट मात्र टोचत होती, कारण मी एकुलती एक. मी केलं नाही तर ते संपलंच.

एन्नोरला मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, ती तुझ्या बापाच्या घरची रीत. तुझ्या आजीने सुनेला शिकवली. मला गं काय ठाऊक?" आजी आणि बाबा केव्हाच गेलेले. मग उरला मोबाइल.

एका ब्लॉगवर लगेच सापडलं: ठिपके नऊ, भोवती शेवग्याचा पाला, आंबील अळणी. व्हिडिओतली एक बाई तेच सांगत होती, वर नऊ म्हणजे नवग्रह असंही म्हणाली. तिसऱ्या ठिकाणी 'प्राचीन निसर्गपूजेचा अवशेष' असा लांबलचक लेख. तिघं एकच सांगतात म्हणजे खरंच असणार! पाला आणायला मी चपला घातल्यासुद्धा. तेव्हा डोक्यात आलं, आईने भिंतीला शेवगा लावलेला मी कधी पाहिला?

परत बसले. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात एक दुवा होता. तो आमच्या लोकांच्या एका जुन्या ग्रुपवर गेला. सात वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलं होतं, "तुमच्याकडे आडी शुक्रवारी काय करतात?" खाली उत्तर. उत्तरावर नाव माझं.

वाचल्यावर आठवलं. समोर पेपरवर शेवगा निवडायला पडला होता, म्हणून पाला. नऊ आकडा बरा दिसतो म्हणून नऊ. आई आत कुकर लावत होती आणि मला उठून विचारायचा कंटाळा आला होता. शहाणीने दिलं ठोकून! आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःची लाज वाटली, पण तीही कुठेतरी लांबून.

मी तिथेच लिहिलं, "हे खोटं आहे. मी मनाने रचलं होतं. कोणी करू नका."

अर्ध्या तासात एका अनोळखी बाईचं उत्तर आलं. "ताई, आम्ही चार वर्षं असंच करतोय, माझ्या मुलीही शिकल्या. आपल्याला माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारावं, मग लिहावं."

तिचं बरोबरच होतं. मी तिच्या उत्तराला लाइकचा अंगठा दिला.

शुक्रवारी आंबील केली, मीठ घालून. बोट हळदीत बुडवलं आणि तसंच धुऊन टाकलं. त्या दिवशी किती घरांच्या भिंतींवर माझी देवी उमटली असेल, कोण जाणे. आईची कुठेच नव्हती.