भिंत हुंगणाऱ्या एजंट काकू

एजंट काकू कुठल्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवर तळहात ठेवायच्या, डोळे मिटून जरा वेळ तशाच उभ्या राहायच्या आणि मग तो तळहात नाकाशी नेऊन चक्क हुंगायच्या. मागे घरमालक बिचारा फ्लॅटचं कौतुक करत असायचा. पण काकू ऐकतील तर शपथ. "कोरडं आहे," असं त्या म्हणाल्या तर पुढच्या खोल्या बघायच्या आणि काहीच बोलल्या नाहीत तर मुकाट्याने चपला घालायच्या.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भाड्याची घरं दाखवायला सुरुवात केली, ती सत्तरी आली तरी थांबल्या नव्हत्या. राहायला जोगेश्वरीला. ऑफिस-बिफिस काही नाही, खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात टॉर्च, पाण्याची बाटली आणि काचेची एक गोटी. ही गोटी त्या जुन्या इमारतींसाठी बाळगत. दिवाणखान्याच्या मधोमध ती ठेवायची आणि कुठे घरंगळते ते बघायचं. एकदा मला गोरेगावात घर दाखवताना ती गोटी जी सुटली ती थेट बाल्कनीत जाऊन थांबली. काकूंनी ती उचलली, पदराला पुसली आणि घरमालकाला गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग समुद्राकडे निघाली हो." मला हसू आवरेना. तो माणूस मात्र तेव्हापासून काकूंना बघून रस्ता बदलायचा.

मी काकूंकडे गेले तेव्हा पुरती वैतागलेली होते. अंधेरीच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. आई आणि मी, दोघीच. जुन्या घराचा करार संपत आला होता आणि नवं घर मिळत नव्हतं. म्हणजे घर पसंत पडायचं, चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या, मग मालक सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" मी "कांबळे" म्हणायचे. मग तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, "दोन दिवसांत कळवतो." सहा जणांनी दोन दिवसांत कळवतो म्हटलं, एकानेही कळवलं नाही. आधीच्या एजंटने तर मला युक्ती शिकवली होती, "मॅडम, फक्त नाव सांगायचं. आणि ती बुद्धाची मूर्ती आहे ना, ती पहिले दोन-तीन महिने कपाटात ठेवा." खरं सांगते, मी ठेवणार होते. आईचे गुडघे आणि करार संपायची तारीख, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं.

काकूंना हे सांगितलं तर त्या भडकल्याच. "कशाक लपवतंस गो? घर घेताना लपवलंस तर राहताना रोज लपवूक लागतला. कोण आला की कपाट बंद, कोण गेला की कपाट उघड. तुका घर होया की कपाट?"

मग त्यांनी एक इमारत दाखवली. अंधेरीच्या जुन्या बाजारामागे, स्वातंत्र्याच्याही आधीची. सागवानी जिना, खिडक्यांना रंगीत काचा, आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नुकताच नवा केलेला. मालक निवृत्त गृहस्थ, स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी मूळच्या नक्षीदार फरशा तशाच ठेवल्या होत्या आणि वर फॉल्स सिलिंग, लपवलेले दिवे, पांढरंशुभ्र स्वयंपाकघर. घर झकास होतं. आईने खिडकीच्या लाल काचेवर बोट ठेवलं आणि हळूच माझ्याकडे बघितलं. सहा घरांत तिने असं बघितलं नव्हतं. मला हे घर हवंच होतं.

काकूंनी भिंतीवर हात ठेवला, हुंगला आणि गप्प राहिल्या. मी चपलांकडे वळले तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. गोटी मात्र जागची हलली नाही.

मालकांनी आम्हाला बसवलं. नोकरी विचारली, खाणंपिणं विचारलं. आई म्हणाली, "मटण करतो आम्ही, रविवारी." मग आडनाव. मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"दोन दिवसांत कळवतो."

आईने पदर सावरला आणि ती उठायला लागली. काकूंनी तिचा हात धरून तिला परत बसवलं.

"आमचे प्रश्न राहिले हो," त्या मालकांना म्हणाल्या. "इतकं सजवलेलं घर आठ महिने रिकामं का?"

"चांगले भाडेकरू मिळत नाहीत."

"बरं." काकू उठल्या, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि सत्तरीची ती बाई आमच्या तिघांच्या देखत त्यावर चढली. छतातल्या दिव्याची चकती त्यांनी दोन बोटांनी खाली ओढली. आतून पाण्याचा ओघळ निघाला तो मालकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर.

"ही सगळी पावडर-लाली," काकू स्टुलावरूनच म्हणाल्या. "वर कोणाची मोरी गळते?"

मालक खूप वेळ सदरा झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "माझीच."

"बघा. ह्या पोरीला आडनाव विचारलंत, तिने सांगितलं. खाणं विचारलंत, तिच्या आईने सांगितलं. लपवलं कोणी? आता नाय म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण दोन दिवसांनी नाय. आत्ता, हिच्या आईसमोर, काय कारण असेल ते सांगून."

मालकांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली नाही. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, कारण घर मिळो न मिळो, त्या खोलीत पहिल्यांदाच अडचणीत सापडलेला माणूस मी नव्हते. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पंधरा दिवस द्या," ते आईला म्हणाले. "मोरी दुरुस्त करून घेतो. मग या राहायला."

आम्ही गेलो. करार संपल्यावरचे मधले चार दिवस मावशीकडे काढले, पण गेलो. मूर्ती दिवाणखान्यात, दारातून दिसेल अशी ठेवली. मालक भले निघाले, हेही सांगायला हवं. पहिल्या रविवारी ते मटणाच्या वासाने खाली आले आणि वाटी घेऊन वर गेले. काकू मात्र अधूनमधून येऊन भिंत हुंगून जायच्या, आणि मालक त्यांना बघितलं की आपसूक सरळ उभे राहायचे.

गेल्या वर्षी काकू कायमच्या गावी निघाल्या. जाण्याच्या दिवशी रिक्षा खाली थांबवून निरोप घ्यायला आल्या. आम्ही त्यांना सोडायला उतरलो तर जिन्याखाली रंगारी बसला होता. रहिवाशांच्या नावांचा जुना लाकडी फलक मालक नव्याने रंगवून घेत होते. आजवर त्यावर फक्त फ्लॅटमालकांची नावं असायची, आमच्या घरापुढेही आमच्या मालकांचंच होतं. त्या दिवशी ते रंगाऱ्याला म्हणाले, "दुसरा मजला. इथे जे राहतात त्यांचं नाव लिही." रंगाऱ्याने मला विचारलं, काय लिहू? मी तोंड उघडायच्या आत आई कठडा धरून दोन पायऱ्या उतरली. कुणी आडनाव विचारलं तर आयुष्यभर नुसतं 'आम्ही लातूरकडचे' एवढंच सांगणारी माझी आई. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "शेवंताबाई कांबळे. मोठ्या अक्षरात."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकू पायरीवर फतकल मारून बसल्या.

"वाजव रे किती वाजवायचं ते," त्या ओरडल्या. "नाव पुरं झाल्याबिगर मी उठूची नाय."