सोयरिकीचे तात्या

तात्या सोयरिकी जुळवायचे, पण बैठकीत बसण्याआधी थेट चुलीपाशी जाऊन मुलीलाच विचारायचे, "बाई, मनात हाय का तुझ्या? नसंल तर मीच न्हाई म्हनतो. तुझ्यावर बोल येनार न्हाई." नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत तिसगावात असं विचारणारे ते एकटेच. आम्हा मुलींना ते घरचे वाटत.

शेजारच्या काकांच्या सुनंदाला त्यांनीच मिरजगावचं स्थळ आणलं. जावई ट्रकवर ड्रायव्हर, स्वभावाने गरीब. काही वर्षांत तो खंगत गेला. नगरच्या दवाखान्यात एड्स निघाला, आणि सुनंदालाही लागण झालेली. तो वारल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरी तिचं ताट वेगळं झालं, चूलही मागच्या पडवीत गेली.

तात्या बाजाराला आले की त्या पडवीत जाऊन बसायचे. "पोरी, तुझ्या हातचा च्या पाज." मग घरच्यांच्या देखत फुंकर घालत निवांत प्यायचे. एकदा सुनंदा म्हणाली, "तात्या, तुमी इचारलं हुतं मला. मीच व्हय म्हनले."

तात्यांनी कप खाली ठेवला. "तुला इचारलं गं. त्याला इचारायचं ऱ्हायलं."

तेव्हापासून ते प्रत्येक बैठकीत सांगू लागले, "दोघांचं रगत तपासा, मग सुपारी फोडू." लोकांना तो अपमान वाटे. हळूहळू तात्यांना बोलावणं बंद झालं.

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र वडिलांनी त्यांना बोलावलं, आणि धास्तावलेही. "तात्या, चांगलं स्थळ हाय. हातचं जाईल."

"जाऊ द्या. पोर जान्यापरीस बरं."

स्थळ गेलंच. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. वर्षभर गावात माझ्याबद्दलच कुजबुज चालली. मग खर्ड्याचे एक शिक्षक बघायला आले. तात्यांची रक्त तपासायची अट ऐकून त्यांचे कान लाल झाले. ते वडिलांकडे न बघताच म्हणाले, "तपासतो." तेच माझे यजमान.

आमच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात सुनंदा गेली. अंगणात माणसं जमली होती, पण तिरडीपासून लांब उभी होती. तात्या पुढे झाले आणि त्यांनी एक बाजू धरली. मग माझे वडील पुढे झाले, माझे यजमानही. चौथी बाजू मोकळीच राहिली. तात्या तसेच वाकून थांबले.

थोड्या वेळाने काका दारातून उतरले. लेकीच्या चेहऱ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि खांदा दिला.