तारीखबाईंची निळी खिडकी

गॅसच्या टाक्या भरण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे तारीखबाई म्हणतात. टाकी भरायला सोडण्याआधी तिची तपासणी कधी झाली, हे बाई कॉम्प्युटरवर बघतात. मुदत उलटली असेल तर टाकी बाजूला. शिक्षण दहावी, नोकरी सतरा वर्षं, आणि एवढ्या वर्षांत डोळे झाकून एकही टाकी सोडलेली नाही. साहेब मात्र सात बदलले.

त्या सोमवारी कंपनीने जुना ब्राउझर काढून नवा टाकला. बाईंनी नेहमीच्या चित्रावर टिचकी मारली, निळी खिडकी उघडली. टाकीचा नंबर आला, मालक आला, तारखेचा रकाना कोरा. बाहेर ट्रक खोळंबले.

सुपरवायझर म्हणाला, "आजच्या दिवस सोडा बाई, उद्या बघू."

"फुटणारी टाकी उद्यापर्यंत थांबते का?"

"वरून सस्पेंड करतील तुम्हाला."

"करू दे. घरी नातीच्या वेण्या घालीन. सही करणार नाही."

मी युनियनचा. निरोप मिळाला तसा तणतणत गेलो, गेटवरच बसायच्या तयारीने. बाईंनी स्टूल सरकवलं. "बस आधी. तू ओरडल्याने तारीख दिसणार आहे का?"

तेवढ्यात जावईबापू आले. हे कॉम्प्युटर विभागातले. बायको आमच्या पॅकिंगमधली, म्हणून अख्ख्या कारखान्याचे जावई. हातात एक फॉर्म.

"बाई, महिन्यापूर्वी विचारलं होतं, कोणत्या जुन्या वेबसाइट वापरता? तुम्ही लिहिलंय, एकही नाही."

"नाहीच वापरत. वेबसाइट म्हणजे बातम्या, तिकिटं. ही आपली निळी खिडकी."

"बाई, ही खिडकी वेबसाइटच आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "सतरा वर्षं संसार केला, आणि नाव आज कळलं."

निळी खिडकी जुन्या ब्राउझरसाठी बनवलेली. नवा ब्राउझर ठरावीक वेबसाइटचे पत्ते जुन्या पद्धतीने उघडू शकतो. फक्त ते यादीत असावे लागतात, आणि यादी त्या फॉर्मवरून केलेली. जावईबापूंनी निळ्या खिडकीचा पत्ता यादीत घातला, मशीन बंद करून चालू केलं. रकाना भरला. रांगेतल्या पहिल्याच टाकीची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. सुपरवायझरने ती स्वतः बाजूला ठेवली. सस्पेंडचा विषय पुन्हा निघाला नाही.

वरून खुलासा मात्र मागितला. मी दोन पानं जाळ लिहून नेली. बाईंनी ती घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"फॉर्ममध्ये चूक माझी झाली. तेवढंच लिहायचं."

तेवढंच लिहिलं. खाली बाईंनी एक ओळ जोडली: पुढच्या वेळी कागद पाठवू नका; सकाळी येऊन शेजारी बसा आणि आम्ही कशावर टिचकी मारतो ते बघा.

जावईबापू खरंच आठवडाभर टेबलोटेबली बसले. यादीत न आलेल्या आणखी चार खिडक्या सापडल्या. एक साहेबांच्याच टेबलावर होती. त्यांच्या फॉर्मवरही लिहिलं होतं, एकही नाही.