राजनच्या गाडीतली शिट्टी

राजन दाबके अबुधाबीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. शारजाच्या अल नहदा भागातल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा मिक्सर बंद पडला, तरी तो आधी आपली पदवी सांगे आणि मग प्लग काढून पुन्हा लावायला सांगे. कंपनीत नव्या लोकांपुढे अर्थिंगवर भाषण ठोकणं हे त्याचं आवडतं काम. "निम्मे बिघाड खराब अर्थिंगचे असतात," असं म्हणून तो टाळीसाठी थांबे. टाळी काही पडत नसे. लोकांना विषय झेपत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

अशा माणसाची गाडी शिट्टी वाजवू लागली. गाणं लावलं की स्पीकरमधून बारीक कूं येई, ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढे, आणि एसी वाढवला की गाणंच गचके खाई.

गाडीत ॲम्प्लिफायर बसवला होता ॲल्फ्रेडने. हा वसईचा, राजनच्याच मजल्यावर राहणारा, अबुधाबीच्या एका हॉटेलात नोकरी करणारा. गाड्यांना स्पीकर बसवणं हा त्याचा छंद. दोघे रोज राजनच्या गाडीतून अबुधाबीला कामाला जात, जुनी गाणी ऐकत आणि एकमेकांच्या आवडीला नावं ठेवत. या देशात राजनला मित्र असा तो एकच होता. पण असलं काही तोंडाने बोलायचं नसतं, असा राजनचा समज होता.

शिट्टी ऐकल्यावर ॲल्फ्रेडने खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "राजन, हे इथे थोडं साफ करू या का?"

राजनने बॉनेट धाडकन लावलं. "ॲम्प्लिफायर मागे डिकीत आहे, तू पुढे काय शोधतोयस? आपल्यात इंजिनिअर कोण आहे?"

एवढ्यावर थांबेल तर तो राजन कसला! वर जाऊन त्याने बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला, 'हौशी लोकांकडून वायरिंग करून घेऊ नये.' नाव लिहिलं नाही म्हणून स्वतःला सभ्यही समजला. दुसऱ्या दिवसापासून ॲल्फ्रेड बसने जाऊ लागला.

मग इंजिनिअरसाहेबांनी दुरुस्ती हाती घेतली. फ्यूज बदलला. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जाऊन जाड केबल आणली, शिट्टी बंद करणारा फिल्टर आणला. मागची सीट काढून पुन्हा बसवली, तेव्हा एक स्क्रू उरला. तो त्याने कुणाला न दाखवता खिशात टाकला. शिट्टी होती तशीच.

"बाबा, प्लीज, आय हॅव ईअरफोन्स," त्याची मुलगी ओवी म्हणाली.

"ॲल्फ्रेडला विचार की," त्याची बायको मृणालिनी म्हणाली.

"इन्शाल्ला, आज खलास करतो," राजन म्हणाला. असं तो रोजच म्हणत होता.

शेवटी एका शनिवारी, दुसरं काही बदलायचं उरलं नाही म्हणून, त्याने मीटर काढला. इंजिन आणि गाणं दोन्ही चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं गाडीच्या पत्र्याला. अर्थिंग चोख असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आकडा चांगलाच वर होता. बॅटरीची काळी वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिथे त्याने टॉर्च मारला. हिरवट-पांढरा थर साचला होता, आणि त्यात चिकटलं होतं वाळलेलं कुंकू.

राजनला दसरा आठवला. बाकीच्या मंडळींनी नारळ फोडून टायरवर पाणी शिंपडलं होतं. टायरची पूजा याला अशास्त्रीय वाटली. "गाडीचा प्राण बॅटरीत असतो," असं व्याख्यान देऊन त्याने बॅटरीला कुंकू लावलं आणि अख्ख्या नारळाचं पाणी तिथे ओतलं होतं. मृणालिनी नको म्हणत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने. बोल्ट घासून आवळला, तशी शिट्टी गेली. गाणं स्वच्छ वाजू लागलं, पण शेजारच्या सीटवर ते ऐकायला कुणी नव्हतं. राजनला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तो तसाच काळ्या हातांनी ॲल्फ्रेडकडे गेला आणि दारातच सगळं सांगून टाकलं. ॲल्फ्रेडने मान हलवली. "मला ठाऊक होतं. बॉनेट उघडलं तेव्हाच कुंकू दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या देवाचं पाणी होतं रे. त्याने गाडी बिघडली असं मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, राहू दे माझ्याच नावावर."

राजनने तिथेच उभ्याने ग्रुपवर लिहिलं, 'बिघाड सापडला. तो मी केला होता. ॲल्फ्रेडचं काम चोख आहे.' मग मोबाइल खिशात टाकला.

"सोमवारी बसने जाऊ नकोस," तो म्हणाला.