बँकेशी सौजन्य

सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचेच आहात, तेव्हा चहा निवेपर्यंत ऐकून घ्या.

मी शाळेत सातवीपर्यंतच गेलो. पुढचे सारे स्वतः वाचून मिळवले. त्याचा मला अभिमान आहे. ‘होता’ म्हणणे आता अधिक शुद्ध ठरेल.

मुलाने मला क्रेडिट कार्ड काढून दिले, तेव्हा पॉइंट साठवून हिला फुकट मिक्सर आणीन, असे मी जाहीर केले. किराणा, औषधे, विजेचे बिल, एवढेच काय, शेजाऱ्यांचा गॅससुद्धा त्यांच्याकडून रोख घेऊन मी कार्डावर भरू लागलो.

इथवर ठीक होते. पण आमच्या मावळात गावच्या दुकानातली वही कोणी पुरती मिटवत नाही. सगळे चुकते केले, तर दुकानदारच विचारतो, आमचं काय चुकलं? थोडी बाकी ठेवली, म्हणजे येणेजाणे राहणार. मला वाटले, बँक तरी काय, दुकानच की! दर महिन्याला बिलातले शंभर रुपये मी मुद्दाम मागे ठेवू लागलो. त्याने आपली पत वाढते, असा सिद्धांतही मांडला. मला कोणी विचारले होते का?

कान्हे गावचा नामदेव गुलाबाच्या पॉलिहाउससाठी कर्ज मागणार होता. कार्ड त्याच्याकडेही होते. त्याला मी हे तासभर समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

वर्षभराने मिक्सरची चौकशी करायला मी तळेगावच्या शाखेत गेलो. तिथल्या मुलीने संगणकात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“आबा, दर महिन्याला शंभर रुपये का ठेवलेत?”

“सौजन्य म्हणून.”

तिने खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात तिने सांगितले, की बिल पूर्ण भरले नाही, तर व्याज नुसत्या शंभरावर लागत नाही; प्रत्येक खरेदीवर, खरेदीच्या दिवसापासून लागते. आणि बाकी ठेवून पत मुळीच वाढत नाही. बिलावर हे सारे छापलेले होते. मी, चोखंदळ वाचक, फक्त पॉइंटांचा रकाना वाचत आलो होतो. गेलेल्या व्याजात दोन मिक्सर आले असते.

मिक्सर राहू द्या, मला नामदेव आठवला. त्याचे कर्ज! तडक कान्हे गाठले. तो शेडमध्ये गुलाबांच्या जुड्या बांधत होता.

“नामदेव, मी तुझे वाटोळे केले,” असे म्हणून मी सगळे कबूल केले.

“कर्ज गेल्याच म्हयन्यात मंजूर झालं, आबा. मी समदं बिल भरत गेलो.”

“आणि माझा सल्ला?”

तो ओशाळला. “दुकानदार आपला हाय, आबा. बँक कुटं आपली हाय? पन तुमी लय मनापासून सांगत व्हता. मदी कसं बोलायचं?”

मला खाली बसवून त्याने पाणी दिले. “हितनं पुढं असलं काय असंल, तर आदी मला इचारत जा,” म्हणाला.

हसत म्हणाला असता, तर सोसले असते. तो अगदी गंभीर होता.